गर्भावस्था आणि प्रतिजैविके : सुरक्षिततेच्या कल्पनेचा इतिहास (१९३५ ते २०२३)

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीला पाचव्या महिन्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन दिवसांत जळजळ थांबली आणि उरलेल्या गोळ्या तिच्या सासूबाईंनी फडताळात ठेवून दिल्या. “अगं, पोटात बाळ असताना इतकी गरम औषधं नकोत. आम्ही काय गोळ्या खाऊन बाळंत झालो?” असे त्यांचे म्हणणे होते. दहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा येऊ लागल्या आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने माता व बालक दोघेही सुखरूप राहिले. सासूबाईंच्या भीतीस अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ही भीती निराधार वाटत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अशा काही घटना घडल्या आहेत की, ज्यांची माहिती असलेला निष्णात वैद्यही औषधपत्र लिहिताना क्षणभर थांबतो.

गर्भवती स्त्रीने प्रतिजैविके घेणे सुरक्षित आहे किंवा नाही, याविषयीचे आजचे ज्ञान कोणत्या मार्गाने निर्माण झाले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्यक व्यावसायिक नाही. त्यामुळे कोणते औषध घ्यावे वा टाळावे हा निर्णय येथे अभिप्रेत नाही. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच आहे. सल्फा औषधे रासायनिक असल्याने काटेकोर अर्थाने ती प्रतिजैविके नव्हेत, तथापि या इतिहासाचा प्रारंभ त्यांच्यापासूनच होत असल्यामुळे त्यांचा समावेश येथे केला आहे.

सूतिकाज्वराची पार्श्वभूमी

प्रतिजैविकांचे गर्भावस्थेशी असलेले नाते भीतीने नव्हे, तर सुटकेने सुरू झाले, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा ताप हा शतकानुशतके तरुण स्त्रियांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण होता. आपल्याकडे ‘बाळंतरोग’ या व्यापक नावाखाली जी दुखणी मोडत, त्यांत या तापाचाही अंतर्भाव होत असला पाहिजे. ॲबरडीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये हा रोग वैद्य व सुइणींच्या हातून पसरतो असे मांडले होते. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी मे १८४७ पासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. ज्या विभागात १८४६ साली मृत्यूचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक होते, तेथे १८४८ साली ते सव्वा टक्क्याच्या आसपास आले. तरीही त्यांचे म्हणणे त्यांच्या हयातीत सर्वमान्य झाले नाही. १८६५ साली त्यांचा मृत्यू झाला.

पुढे जंतुशास्त्र आले, निर्जंतुकीकरण आले, पण लागण झालेल्या स्त्रीस वाचविण्याचे साधन मात्र आले नाही. इंग्लंड व वेल्समधील मातामृत्यूचे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ एकाच पातळीवर रेंगाळत राहिले, ही बाब आयर्विन लाउडन या वैद्यकीय इतिहासकाराने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात साधार दाखवून दिली आहे. रेल्वे, तारायंत्र, क्ष-किरण, विमान हे सर्व आले तरी बाळंतिणीचा धोका कमी झाला नव्हता. प्रगतीचा इतिहास शिकविताना ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून सहसा सुटते.

सल्फा औषधे आणि पेनिसिलिन

जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचे जंतुनाशक गुण १९३५ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्यातील कार्यकारी घटक सल्फॅनिलामाइड हा असल्याचे दाखविले. लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक व मेव्ह केनी यांनी सूतिकाज्वराच्या रुग्णांवर हे औषध वापरले आणि जून १९३६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या ३८ स्त्रियांपैकी ३ दगावल्या. त्यापूर्वी अशा रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा दगावत असे. स्ट्रेप्टोकॉकस जंतूची मारकता त्याच काळात आपोआप घटत असावी, ही शंकाही विचारात घेतली गेली होती, आणि लाउडन यांनीही या शक्यतेस स्थान दिले आहे. तरीसुद्धा १९३० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंड व वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे चारहून अधिक असलेले मातामृत्यू १९५० पर्यंत एकाच्या खाली आले, हे नाकारता येत नाही.

पेनिसिलिनच्या बाबतीतही पहिले यश प्रसूतिशास्त्राशीच जोडलेले आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे ॲन मिलर ही ३३ वर्षांची स्त्री गर्भपातानंतरच्या रक्तदोषाने सुमारे महिनाभर अत्यवस्थ होती. सल्फा औषधे, रक्त देणे, शस्त्रक्रिया असे सर्व उपाय थकले होते. १४ मार्च १९४२ रोजी तिला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. औषधाचा साठा चमचाभरच होता. तो इतका मोलाचा होता की, तिच्या मूत्रातून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा वेगळे काढण्यासाठी ते मूत्र औषध कंपनीकडे परत पाठविले जाई. ती बरी झाली आणि १९९९ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन पावली.

कोलब्रुक यांच्या रुग्ण काय किंवा ॲन मिलर काय, या सर्व स्त्रियांच्या उदरात त्या वेळी गर्भ नव्हता. प्रसूती किंवा गर्भपात होऊन गेलेला होता. औषधाचा विचार एका देहापुरता होता. दुसऱ्या देहाचा प्रश्न उपस्थित झाला तो, हीच औषधे प्रसूतीपूर्वी देण्यात येऊ लागली तेव्हा. सल्फॅनिलामाइड वार ओलांडून गर्भाच्या रक्तात जाते, हे १९३० च्या दशकाच्या अखेरीसच ठाऊक झाले होते. मात्र ते ज्ञान इशारा म्हणून त्या काळी घेतले गेले नाही, कारण वार ओलांडणे हा गुणही ठरू शकतो याचा प्रत्यय लवकरच येणार होता.

तो प्रत्यय उपदंशाच्या संदर्भात आला. मातेकडून गर्भास होणारा उपदंश हे मृतजन्माचे व अर्भकांच्या व्यंगांचे एक मोठे कारण होते आणि १९१० पासून त्यावर सोमलयुक्त साल्व्हर्सन वापरले जाई. जॉन महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ साली पेनिसिलिन उपदंशावर गुणकारी असल्याचे दाखविले आणि काही वर्षांतच गर्भवती स्त्रियांना ते सर्रास दिले जाऊ लागले. मातेस दिलेले औषध गर्भापर्यंत पोहोचते म्हणूनच बालक वाचते, असा हा उपचार आहे. याउलट १९५२ साली उपलब्ध झालेले एरिथ्रोमायसिन वार पुरेसे ओलांडत नाही. मातेला त्याने उतार पडला तरी बालक उपदंशासह जन्मास येऊ शकते. त्यामुळे आजही गर्भवतीच्या उपदंशावर पेनिसिलिन हेच एकमेव शिफारस केलेले औषध आहे, आणि ज्या स्त्रीस त्याचे वावडे असेल तिला ते अल्प मात्रेने सोसवून मग पूर्ण मात्रा दिली जाते. ‘गर्भापर्यंत पोहोचते म्हणून घातक’ असा सरसकट नियम या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

अपघातांचे पर्व : १९५० ते १९६४

यानंतरची पंधरा वर्षे हा या इतिहासाचा सर्वांत वेदनादायक आणि, माझ्या मते, सर्वांत बोधक भाग आहे. क्षयावर प्रभावी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन श्रवणशक्तीस इजा करते हे प्रौढ रुग्णांत दिसलेच होते. १९५० नंतर, गरोदरपणी ज्या मातांना ते दिले गेले त्यांच्या काही मुलांना बहिरेपणा आल्याची वृत्ते येऊ लागली. क्षयाच्या अन्य प्रमुख औषधांना गर्भावस्थेत मुभा असताना स्ट्रेप्टोमायसिन टाळावे, हा नियम या वृत्तांतून निघाला आहे.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन व सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या दोन उपचारांची तुलना केली. एका गटास पेनिसिलिन व सल्फिसोक्साझोल, तर दुसऱ्यास ऑक्सिटेट्रासायक्लिन देण्यात आले. १९५६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. सल्फा मिळालेल्या गटात मृत्यू अधिक होते आणि त्यांतील अनेकांच्या मेंदूत कावीळीचे पिवळे रंगद्रव्य साचलेले आढळले. रक्तातील प्रथिनास चिकटून राहिलेले हे रंगद्रव्य सल्फा औषध तेथून हुसकावते आणि मग ते मेंदूत शिरते, असा त्याचा उलगडा पुढे झाला. प्रसूती जवळ आल्यावर सल्फा औषधे टाळण्याचा प्रघात यातूनच पडला. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. तुलना केलीच नसती, तर अपुऱ्या दिवसांची मुले दगावायचीच, असे समजून हे मृत्यू खपून गेले असते.

लॉस एंजलिसमधील घटना याच स्वरूपाची आहे. गर्भजल फुटून चोवीस तासांहून अधिक काळ लोटल्यावर जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांना खबरदारी म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल दिले जाई. बर्न्स, हॉजमन व कॅस यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे औषध मिळालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास, तर कोणतेच प्रतिजैविक न मिळालेल्या गटात ते वीस टक्क्यांहून कमी होते. बालकाचा रंग राखेसारखा होई म्हणून या अवस्थेस ‘ग्रे बेबी’ हे नाव पडले. अर्भकाच्या अपक्व यकृतास औषधाचा निचरा करता येत नव्हता आणि प्रत्येक नव्या मात्रेबरोबर ते रक्तात साचत जात होते. मोठ्या माणसाची मात्रा वजनाच्या हिशेबाने कमी केली की ती अर्भकाची मात्रा झाली, ही समजूत त्या दिवशी संपली.

टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली बाजारात आले. या वर्गातील औषधे कॅल्शियमशी बांधली जातात व वाढत्या दातांत आणि हाडांत साठतात. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडत असल्याचे निरीक्षण १९५६ पासून नोंदले गेले. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात मातेने घेतलेल्या औषधाचा डाग मुलाच्या दुधाच्या दातांवर उमटतो, हेही दिसले. परंतु अधिक गंभीर प्रकार मातेच्या बाबतीत घडला. मूत्रपिंडाच्या संसर्गासाठी शिरेतून मोठ्या मात्रेने टेट्रासायक्लिन दिलेल्या काही गर्भवती स्त्रिया यकृत मेदमय होऊन दगावल्याचे १९६३-६४ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. सुरक्षिततेचा विचार करताना आपण गर्भाकडेच पाहतो. गर्भवतीचे शरीरही औषधास निराळा प्रतिसाद देते, याचे स्मरण या घटनेने करून दिले. याच वर्गातील डॉक्सिसायक्लिनविषयीची अलीकडची माहिती इतकी प्रतिकूल नाही. तथापि संपूर्ण वर्गावर बसलेला शिक्का अद्याप पुसलेला नाही.

थॅलिडोमाइडची सावली

थॅलिडोमाइड हे प्रतिजैविक नव्हे, तर १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले झोपेचे औषध होते. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाई. विडुकिंड लेन्झ व विल्यम मॅकब्राइड यांनी हातापायांच्या व्यंगांशी असलेला त्याचा संबंध १९६१ मध्ये पुढे आणला आणि ते त्या वर्षाअखेर जर्मनी व ब्रिटनमध्ये मागे घेतले गेले. तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके बाधित झाली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी महिलेने परवाना रोखून धरल्यामुळे तेथील हानी मर्यादित राहिली आणि १९६२ साली औषधांची परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्ती करणारी कायदादुरुस्ती झाली.

या घटनेचा प्रतिजैविकांवर झालेला परिणाम अप्रत्यक्ष परंतु दूरगामी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ साली मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधचाचण्यांच्या प्रारंभिक टप्प्यांतून वगळण्याची मार्गदर्शक सूचना काढली. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली, परंतु गर्भवतींना चाचण्यांपासून दूर ठेवण्याचा रिवाज कायम राहिला. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की, नवी औषधे बाजारात येत राहिली, गर्भवती स्त्रिया आजारी पडत राहिल्या, आणि त्यांना कोणते औषध द्यावे याचा पुरावा मात्र निर्माण झाला नाही. चाचणीतून वगळलेली स्त्री उपचारातून वगळली जात नाही. तिच्यावरील प्रयोग होतोच, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. थॅलिडोमाइडचा अर्थ ‘गर्भवतीवर चाचणी नको’ असा लावला गेला. वास्तविक ते औषध विकण्यापूर्वी गर्भावरील परिणाम तपासलेच नव्हते, हे त्या शोकांतिकेचे मूळ होते.

१९७९ साली त्याच प्रशासनाने ए, बी, सी, डी आणि एक्स ही अक्षरश्रेणी लागू केली. पेनिसिलिने ‘बी’, टेट्रासायक्लिने ‘डी’ अशी ही पद्धत भारतीय वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतूनही पाठ केली गेली. परंतु ‘सी’चा अर्थ धोका आहे असा नव्हता, प्राण्यांत प्रतिकूल परिणाम दिसला पण मानवी माहिती नाही, किंवा कोणतीच माहिती नाही, अशी दोन्ही औषधे त्याच अक्षराखाली येत. अज्ञान आणि धोका यांना एकच खूण मिळाली. जून २०१५ पासून ही अक्षरे काढून टाकून वर्णनात्मक माहिती देण्याचा नियम तेथे लागू झाला. आपल्याकडील अनेक हस्तपुस्तिकांत अक्षरे त्यानंतरही टिकून राहिली, कारण अक्षर लक्षात राहते, परिच्छेद राहत नाही.

चाचण्यांअभावी पुरावा जमविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नोंदवह्या. हंगेरीत १९८० ते १९९६ या काळात जन्मजात व्यंग असलेल्या बावीस हजारांहून अधिक बालकांची नोंद करून त्यांच्या मातांनी घेतलेली औषधे तपासली गेली. एन्ड्रे चेझेल यांच्या नेतृत्वाखालील या कार्यातून पेनिसिलिन वर्गाविषयी दिलासादायक माहिती मिळाली. अमेरिकेतील अशाच स्वरूपाच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सल्फा व नायट्रोफ्युरांटॉइन यांचा काही व्यंगांशी संबंध आढळला. पेनिसिलिन, एरिथ्रोमायसिन व सेफॅलोस्पोरिन यांच्याबाबत तो क्वचितच दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि मूळ संसर्ग व ताप यांचाही परिणाम असू शकतो. म्हणूनच २०११ साली तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने पहिल्या तिमाहीत ही दोन औषधे दुसरा योग्य पर्याय नसेल तर वापरावीत, अशी संयत भूमिका घेतली.

पिंपरी आणि आपला अनुभव

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध पिंपरी येथे येतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. बालकांसाठी कार्य करणाऱ्या युनिसेफने औषधाच्या कारखान्यास यंत्रसामग्री द्यावी, यातच पेनिसिलिनकडे माता-बाल आरोग्याचे साधन म्हणून पाहण्याची त्या काळची दृष्टी दिसते. दुर्मीळतेचा प्रश्न सुटला आणि कालांतराने उलट प्रश्न उभा राहिला. चिठ्ठीशिवाय औषध मिळणे, दोन दिवसांच्या गोळ्या सुट्या विकत घेणे हे आपल्या परिचयाचे आहे. काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्यास भाग पाडणारी एच-१ ही अनुसूची १ मार्च २०१४ पासून अमलात आली.

नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१-०३ मध्ये भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ असलेले मातामृत्यू २०१८-२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात त्या काळात ते ३३ होते. या घटीचे श्रेय संस्थात्मक प्रसूती, रक्तपुरवठा, रस्ते, शिक्षण अशा अनेक बाबींस आहे आणि त्यातील प्रतिजैविकांचा वाटा वेगळा काढून दाखविणे कठीण आहे.

दोन चाचण्या

अखेरीस दोन चाचण्यांचा उल्लेख आवश्यक आहे. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमागे बऱ्याचदा लपलेला संसर्ग असतो, तेव्हा प्रतिजैविक दिल्यास बालकाचे हित होईल, हा तर्क सर्वांनाच पटण्याजोगा होता. ‘ओरॅकल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २००१ साली आले. ज्या मातांचे गर्भजल वेळेपूर्वी फुटले होते, त्यांच्या बालकांना एरिथ्रोमायसिनचा लाभ दिसला. मात्र को-ॲमॉक्सिक्लॅव्हमुळे आतड्याच्या एका गंभीर विकाराचे प्रमाण वाढले. ज्या ६,२९५ मातांना गर्भजल शाबूत असताना कळा सुरू झाल्या होत्या, त्यांच्या गटात लाभही दिसला नाही आणि तत्काळ हानीही दिसली नाही. प्रकरण येथेच मिटले असते. परंतु मुले सात वर्षांची झाल्यावर ब्रिटनमधील पालकांकडे प्रश्नावली पाठविण्यात आली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, या दुसऱ्या गटातील एरिथ्रोमायसिन मिळालेल्या मातांच्या मुलांत मेंदूजन्य पक्षाघाताचे प्रमाण ३.३ टक्के, तर ते न मिळालेल्यांत १.७ टक्के आढळले. याचे कारण निश्चित झालेले नाही. एरिथ्रोमायसिन गर्भावस्थेत सुरक्षित मानले जाते आणि योग्य कारणासाठी आजही दिले जाते. त्या मातांना मात्र संसर्गाचा पुरावा नसताना ते दिले गेले होते.

दुसरी चाचणी आपल्या अधिक जवळची आहे. भारतासह सात देशांत झालेल्या ‘ए-प्लस’ चाचणीत २९,२७८ स्त्रियांचा समावेश होता आणि भारतातील केंद्रे नागपूर व बेळगाव ही होती. योनिमार्गे प्रसूती अपेक्षित असलेल्या स्त्रियांना कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा किंवा औषधविरहित गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मातेचा जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले, आणि ही घट प्रामुख्याने जंतुदोषातील होती. नवजात बालकांच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक पडला नाही. सेमेलवाइस यांच्या बाळंतिणींना जे मिळू शकले नाही ते दोन ग्रॅमच्या एका मात्रेत सामावलेले दिसते. त्याच वेळी, जगातील प्रत्येक प्रसूतीच्या वेळी ही मात्रा दिली तर जंतूंच्या प्रतिकारक्षमतेचे काय होईल, हा प्रश्नही तज्ज्ञ विचारीत आहेत.

या चाचणीत स्त्रियांची नोंदणी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. ‘ओरॅकल’मधील मुलांविषयीचा निर्णायक प्रश्न त्यांच्या सातव्या वर्षी विचारला गेला होता. नागपूर-बेळगावच्या केंद्रांत प्रारंभी जन्मलेली मुले २०२६-२७ मध्ये त्या वयास पोहोचतात.